सूज, बाळसे आणि बुद्धी

तान्ह्या मुलाचे अंग भरू लागले की ‘बाळसे धरले’ असे आपल्या घरांतून कौतुकाने म्हणतात. आणि ज्याची पुष्टी खोटी आहे त्याविषयी ‘ही सूज आहे, बाळसे नव्हे’ असेही कोणी जाणते माणूस बजावते. हा वाक्प्रचार आता राजकारणाच्या आणि व्यापाराच्या चर्चेतच अधिक ऐकू येतो. परंतु त्यातील शब्द न् शब्द ज्याला लागू पडेल असा एक रोग आहे, आणि आज मला त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे.

दीड-दोन वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणा. गाल गोबरे आहेत, पावले फुगलेली आहेत, पोट पुढे आले आहे. दुरून पाहणाऱ्यास मूल अंगाने भरल्यासारखे वाटते. पण पावलावर बोट दाबून उचलले तर तेथे खळगा पडतो आणि तो लवकर भरून येत नाही. केस विरळ व तांबूस झालेले असतात, कातडीचे पापुद्रे निघतात. मात्र सर्वांत मनाला लागते ती गोष्ट निराळीच. हे मूल हसत नाही. खेळणे पुढे केले तर हात पुढे येत नाही. उचलून घेतले तर किरकिर करते, खाली ठेवले तर तसेच पडून राहते. डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, अशी मुले पाहिली. १९३३ साली त्यांनी या रोगाचे वर्णन केले आणि १९३५ साली त्याला तेथील गा भाषेतील ‘क्वाशिओरकॉर’ हे नाव दिले. धाकटे भावंड आल्यामुळे आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाचे दुखणे, असा त्या शब्दाचा भाव आहे. आईचे दूध सुटते, त्याजागी पेज किंवा कंदमुळाची लापशी येते, पोट भरते, पण प्रथिन मिळत नाही. पुढे या रोगाची इतरही कारणे संशोधकांच्या ध्यानात आली. तरी आहारातील प्रथिनांची ओढाताण हा त्याच्या कहाणीतला मोठा भाग राहिला आहेच.

आता असे मूल घरात असले, किंवा इतके सुजलेले नव्हे पण अंगाने खुरटलेले आणि मनाने मंदावलेले असले, तर घरच्या माणसांच्या मनात पहिला उपाय कोणता येतो? टॉनिक. लोहाचे थेंब. ‘कॅल्शियम कमी असेल’, ‘झिंक द्या, बुद्धी वाढते’ असा सल्ला शेजारीपाजारी मिळतो आणि औषधाच्या दुकानात रंगीत बाटली मिळते. ही बाटली उपयोगी आहे की निरुपयोगी, एवढाच प्रश्न असता तर त्यासाठी आपला वेळ घेण्याचे कारण नव्हते. ती कधी जीव वाचविते, कधी नुसतीच वाया जाते आणि कधी घातही करते. कोणत्या वेळी काय होईल हे ठरते ते मुलाच्या शरीरात प्रथिन किती आहे यावरून.

मेंदू हे अवयवांतले सर्वांत खर्चिक अवयव आहे. प्रौढ माणसात त्याचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा वापर सुमारे २० टक्के. तान्ह्या मुलात तर विश्रांतीच्या वेळी शरीर जी शक्ती खर्च करते तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटा मेंदूच घेतो, कारण तो तेव्हा नुसता चालत नसतो, बांधलाही जात असतो. मेंदूच्या वाढीचा हा जोर गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून मुलाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत असतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांत तो जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत उरकतो, म्हणून उपासमारीचे परिणाम त्या प्राण्यांत पाहणे सोपे जाते. या काळात माता व पिले यांना प्रथिनहीन आहारावर ठेवले तर पेशींची संख्या, त्यांच्या शाखा व त्यांच्यामधील सांधे या सर्वांत तूट येते.

या बांधकामात खनिजांची कामे ठरलेली आहेत. मज्जातंतूंवर मेदाचे जे वेष्टन चढते ते चढविणाऱ्या पेशींना लोह लागते; एका पेशीचा निरोप दुसरीला पोचविणारे डोपामीन तयार होण्यासही लोह लागते. जस्ताचा साठा स्मरणाशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातील तंतूंत विशेष आहे, हे १९५५ सालीच दिसून आले होते. तांबे, मॅग्नेशियम, सेलेनियम यांचीही आपापली कामे आहेत. आयोडीनवाचून गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा रस बनत नाही, आणि त्या रसावाचून गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग खनिजे द्यावीत, त्यात अवघड ते काय? अवघड आहे ते असे की खनिज शरीरात एकटे हिंडत नाही. लोहाचेच पाहा. आतड्यातून शोषलेले लोह रक्तात उतरले की ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन त्याला उचलते. या प्रथिनाचा एक रेणू लोहाचे जास्तीत जास्त दोन अणू वाहून नेतो, आणि मेंदूच्या केशवाहिन्यांच्या दाराशी नेमका पोचवितो. हा हमाल यकृतात तयार होतो, आणि तो स्वतः प्रथिनाचा असल्यामुळे प्रथिनांचा तुटवडा झाला की हमालांची संख्या घटते. जस्ताचा मोठा भाग अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवरून जातो. तांब्याचे वाहन निराळे, पण तेही प्रथिनच. थायरॉइडचा रससुद्धा नुसत्या आयोडीनचा नसतो. टायरोसीन या प्रथिनघटकावर आयोडीन बसते तेव्हा तो बनतो. आणि ठरल्या ठिकाणी पोचल्यावरही खनिजाला काम करावे लागते ते कोणत्या तरी प्रथिनाच्या पोटात बसूनच.

या शेवटच्या गोष्टीशी एका मराठी विदुषीचे नाव जोडलेले आहे, आणि ते आपल्याला असावे तितके ठाऊक नाही. दुर्गाबाई भागवतांना सारा महाराष्ट्र ओळखतो. त्यांच्या भगिनी कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांना किती जण ओळखतात? बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून प्रवेश मिळण्यासाठी त्यांना १९३३ साली सर चंद्रशेखर रामन यांच्याशी झगडावे लागले. तेथे त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम-सी हे द्रव्य आढळले आणि १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. सायटोक्रोम-सी म्हणजे मध्यभागी लोह धरून बसलेले एक लहानसे प्रथिन. पेशीतल्या श्वसनाची साखळी त्यावाचून पुरी होत नाही. केंब्रिजमधील ते काम वनस्पतींविषयी होते. पण हीच व्यवस्था आपल्या मेंदूच्या प्रत्येक पेशीत आहे. लोह आहे आणि प्रथिन नाही, तर दिव्यात वात आहे पण दिवाच नाही, अशी गत.

हमाल कमी आणि माल जास्त झाला म्हणजे काय होते, हे फार महाग किंमत देऊन कळले. १९७० साली नायजेरियातील इबादान येथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले की क्वाशिओरकॉर झालेल्या मुलांपैकी ज्यांच्या रक्तात ट्रान्सफेरिन अतिशय कमी होते ती अधिक दगावली. आणि अशा मुलांना लवकर दिलेले लोह मोकळे राहून जंतूंच्या उपयोगी पडत असावे, असा संशय त्यांनी व्यक्त केला. संशय रास्त होता. जंतूंनाही वाढीसाठी लोहच लागते, आणि आपले शरीर एरवी ते प्रथिनांत बांधून त्यांच्यापासून दडवून ठेवते. शिवाय मोकळे लोह पेशींच्या मेदाला जणू गंज चढविते, आणि हा गंज आवरणारी द्रव्ये कुपोषित मुलात आधीच आटलेली असतात. आणखी एक विसंगती पाहा. सुजलेल्या मुलाचे रक्त फिकट असते, म्हणून कोणीही म्हणेल की लोह कमी आहे. पण त्याच्या यकृतात पुष्कळदा लोहाचा साठा पडून असतो. तो बाहेर काढून वापरण्याची ऐपत उरलेली नसते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली तीव्र कुपोषणाच्या उपचारांची जी पुस्तिका काढली तिच्यात, मूल कितीही फिकट दिसले तरी, पहिल्या दिवसांत लोह देऊ नये असे स्पष्ट बजावले. भूक परत आली, वजन वाढू लागले, साधारण दुसरा आठवडा उजाडला, म्हणजे मग लोह. आपल्या केंद्र सरकारने पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी २०११ साली घालून दिलेले नियमही याच धोरणाचे आहेत. येथे एक खुलासा केलाच पाहिजे. गरोदर स्त्रियांना, किशोरवयीन मुलींना व नेहमीच्या रक्तक्षयाच्या मुलांना ज्या लोहाच्या गोळ्या किंवा थेंब मिळतात त्यांच्याविरुद्ध मी बोलत नाही. ती औषधे त्यांनी घेतलीच पाहिजेत. बोलतो आहे ते सुजलेल्या किंवा हाडाची काडे झालेल्या आजारी मुलाविषयी. हिवतापाचा प्रदेश असेल तर सावधगिरी आणखी हवी. झांझिबारजवळच्या पेंबा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह व फोलिक आम्ल देण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याचे फळ २००६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा औषध घेणाऱ्या मुलांत रुग्णालयात जाण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले. त्याच प्रयोगात ज्या मुलांच्या अंगी खरोखर लोहाची उणीव होती त्यांना मात्र लाभ झाला. आपल्या गडचिरोलीतही हिवताप आणि कुपोषण एकाच पाड्यावर नांदतात. तेथे लोहाबरोबर हिवतापाचा बंदोबस्त हवा, हे ओघानेच आले.

लोह थांबू शकते. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि जस्त मात्र थांबू शकत नाहीत. प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. तो आतले सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत ओढतो, आणि मेंदूच्या शक्तीचा मोठा हिस्सा हा पंप चालविण्यातच जातो. कुपोषित मुलात पंप मंदावतो. स्नायू झिजतात, जुलाब होतात, त्यांतून पोटॅशियम निघून जाते, आणि मॅग्नेशियम नसले तर दिलेले पोटॅशियमही पेशीत टिकत नाही. त्या मुलाचे निपचित पडून राहणे याच्याशीही जोडलेले आहे. तो स्वभाव नव्हे, हट्ट तर नव्हेच. म्हणून पहिल्या दिवसापासून ही खनिजे मोजून दिली जातात आणि मीठ मात्र आखडते घेतले जाते, कारण अशा मुलाच्या शरीरात सोडियम साचलेले असते, रक्ताच्या तपासणीत ते कमी दिसले तरी. जस्त दर किलो वजनास दिवसाला २ मिलिग्रॅम. हे माप व ही क्रमवारी डॉक्टरांच्या हातची आहे. ऐकणाऱ्यांनी घरी करून पाहण्याची नव्हे.

आश्चर्य वाटेल, पण पहिल्या दिवसांत प्रथिनसुद्धा जपूनच द्यावे लागते. सुरुवातीच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे प्रथिन जेमतेम १ ग्रॅम असते; भूक परतल्यावर जे दूध सुरू होते त्यात ते सुमारे ३ ग्रॅम असते. थकलेल्या यकृताला एकदम भार पेलत नाही. प्रथिनाअभावी आजारी पडलेल्या मुलाला लगेच दूध-अंडी चारण्याचा मायेचा उत्साह किती मुलांना बाधला असेल कोण जाणे.

रुग्णालयाबाहेरच्या मुलांविषयी ग्वाटेमालातील एका दीर्घ प्रयोगाइतका बोलका पुरावा माझ्या माहितीत नाही. तेथील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात मुलांना व मातांना रोज पेय वाटले जाई. दोन खेड्यांत ‘आतोले’, दुधाची भुकटी व पिठे मिळून केलेले, शंभर मिलिलिटरमध्ये सहा ग्रॅमांहून अधिक प्रथिन असलेले. दुसऱ्या दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’, म्हणजे सरबत. प्रथिन मुळीच नाही. १९७१ पासून जीवनसत्त्वे व खनिजे दोन्ही पेयांत सारखीच घातली गेली. आतोलेत उष्मांकही जास्त होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेव्हा सारे श्रेय एकट्या प्रथिनाला देता येणार नाही. परंतु खनिजे दोन्हीकडे होती. ही मुले मोठी झाल्यावर पुन्हा पाहिली गेली तेव्हा लहानपणी आतोले प्यायलेली वाचून समजण्यात सरस ठरली, आणि त्यांतील पुरुषांची ताशी कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक भरली. सरबतातल्या खनिजांनी तेवढे साधले नाही.

जस्ताची कथाही शिकण्यासारखी आहे. बिहारच्या बक्सर गावी जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६०च्या सुमारास इराण व इजिप्तमधील खुरटलेल्या तरुणांत जस्ताची उणीव ओळखली, तेव्हापासून या धातूचा दबदबा वाढला. जुलाबात जस्ताच्या गोळ्यांनी मुलांचे खरेच भले होते. सहा महिन्यांपुढील मुलास रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. तेवढ्यासाठी त्याची योग्यता निःसंशय आहे. पण बुद्धी? दिल्लीचे डॉ. सचदेव व त्यांच्या सहकारी यांनी २०१२ साली सर्व चांगल्या चाचण्या एकत्र तपासल्या, आणि जस्ताने मुलांच्या मानसिक वाढीत लाभ होतो असे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. बांगलादेशात तर २००१ साली निघालेल्या एका प्रयोगात एकटे जस्त दिलेल्या अर्भकांचे मानसिक चाचणीतील गुण किंचित कमीच भरले. एकच खनिज वाढविल्याने इतरांचा तोल गेला असावा, असे संशोधकांना वाटले.

तरी ‘खनिजांनी काही होत नाही’ असे कोणी समजू नये. डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन घालून जो प्रयोग केला त्यात गलगंड ओसरला. त्यासाठी कोणाच्या ताटातले दुसरे काही बदलावे लागले नाही. जेथे ताट पुरेसे असून एकच वस्तू उणी असते तेथे ती एक वस्तू चमत्कार करते. आपल्या बहुतेक कुपोषित मुलांचे ताट तसे नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोड आढळली. साऱ्या देशाचा आकडा १९.३ होता, म्हणजे पुढारलेले म्हणविणारे आपले राज्य येथे मागे आहे. मेळघाट, मोखाडा, जव्हार ही नावे १९९२-९३ पासून वर्तमानपत्रांत वारंवार आली. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेने, जी कुन्नूरहून तेथे १९५८ साली हलली, १९६८ साली दाखवून दिले होते की लहानपणी क्वाशिओरकॉर होऊन गेलेली मुले पुढे शाळेच्या वयात बुद्धीच्या चाचण्यांत बरोबरीच्या मुलांहून मागे पडतात. त्यात गरिबीचा वाटा किती आणि रोगाचा किती हे वेगळे काढणे कठीण; पण दोन्ही एकाच घरात राहतात.

कमलाबाईंनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत याच ताटाचा विचार केला. कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचविणाऱ्या रसाला अडविणारी द्रव्ये असतात. त्यांवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५०च्या दशकात काम केले. चांगले शिजविले की ही द्रव्ये बहुतांशी निकामी होतात. धान्य-कडधान्यांतला दुसरा अडसर फायटिक आम्लाचा. ते लोह व जस्त यांना आतड्यातच बांधून ठेवते. मोड आणल्याने, आंबविल्याने ते कमी होते. आमच्या आज्यांनी मटकीला मोड आणले आणि नाचणीची आंबील केली ती चवीसाठी असेल, पण त्यांच्या हातून रसायनशास्त्रही घडत होते. नीरा या ताज्या रसातील लोह व जीवनसत्त्वांचा कमलाबाईंनी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून अभ्यास केला आणि आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांना ती द्यावी असे सुचविले. सूचना चांगली, पण नीरा उन्हे चढताच आंबू लागते. पाड्यापर्यंत ती गोड पोचणे हे शास्त्रापेक्षा वाहतुकीचे काम आहे. त्यामानाने शेंगदाणा सोपा. शंभर ग्रॅम दाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिन असते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात दाणे, दुधाची भुकटी, साखर, तेल आणि मोजून घातलेली खनिजे व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण करून कुपोषित मुलांना देण्याचा उपक्रम झाला, त्याचे मर्म हेच: खनिज आणि त्याचा हमाल एकाच घासात. पालघरच्या किनाऱ्याकडची सुकट आणि जवळा, राज्य सरकारच्या अमृत आहार योजनेतील अंडे, हेही त्याच जातीचे घास.

मेंदूला झालेली हानी भरून येते काय? केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९२ साली क्वाशिओरकॉरच्या मुलांच्या मेंदूची चुंबकीय छायाचित्रे प्रसिद्ध केली. दाखल होताना प्रत्येकाचा मेंदू आकसलेला होता, आणि तीन महिन्यांच्या उपचारानंतर बहुतेकांचा तो पूर्ववत दिसू लागला. आकार परतला म्हणजे सर्व शक्ती परतली असे मात्र नव्हे. म्हणूनच १९९९ च्या त्या पुस्तिकेत दूध, जस्त आणि मॅग्नेशियम यांच्या बरोबरीने मुलाशी रोज पंधरा ते तीस मिनिटे खेळण्याची आज्ञा आहे. औषधासारखी, वेळ नेमून. खर्च वाढू नये म्हणून घरी करता येण्याजोगी खेळणीही तीत सुचविली आहेत. दोरीत ओवलेल्या कड्या, एकावर एक रचण्याची बाटल्यांची टोपणे, आणि बाटलीत काहीतरी घालून केलेला खुळखुळा, ज्याच्या आवाजाकडे ते निपचित पडलेले मूल प्रथम मान वळविते.